कवडूजींचा होकार

तुमच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली, जो शेअरचा कागद जपून ठेवला आहे, त्याच्यामागची जमीन कोणाची आहे, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंत का?

विचारलं नसेल तर लाजू नका. कवडूजी गभण्यांनीही विचारलं नव्हतं. आणि भिलाईच्या आमच्या कॅम्पात त्यांच्यासारखा पारखी माणूस दुसरा नव्हता.

कवडूजी भंडाऱ्याकडचे. पोलादाच्या कारखान्याचे पाये खोदले जात होते तेव्हा आले आणि क्रेनला ओझं बांधून देणाऱ्या टोळीत लागले. उंच, वाकलेले, हाताची बोटं कायम कशाला तरी लावलेली. चहाच्या टपरीवर बसले तर आधी बाक हलवून बघत. नवी चप्पल कुणी दाखवली की तिचा तळ बघत, वरची बाजू बघतच नसत. "पाहून घेऊ" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाजी घ्यायची असो की नवा हुकूम आलेला असो, पाहून घेऊ. एकदा हेच त्यांनी नव्या फोरमनला हिंदीत सांगितलं, "देख लेंगे साहब." फोरमनला ती धमकी वाटली आणि तो तक्रार घेऊन वर गेला. वरच्या साहेबाने बोलावून विचारलं, तेव्हा कवडूजी म्हणाले, "मंग न पाहताच उचलू का ओझं?"

पण त्यांचं खरं नाव होतं ते घर पाहण्यात. कॅम्पातल्या मराठी घरांत मुलीचं लग्न निघालं, गोंदियाकडचं, तुमसरकडचं स्थळ आलं, की बाप आधी कवडूजींकडे जायचा. सुट्टी जुळवून कवडूजी आणि आणखी चौघं निघायचे. कवडूजी धुतलेलं धोतर, कोट आणि टोपी घालायचे. नवऱ्या मुलाकडे ते फारसं बघत नसत. "पोट्टं तर समोर बसवलेलंच असते," म्हणायचे. ते मागच्या दाराने जात. तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, ढीग बघत, कारण भाताच्या मुलखात तणसाचा ढीग घराचं पीक सांगतो. त्या ढिगाच्या बुडाशी हात घालून बघत की खालचं गवत पिवळं पडलं आहे की अजून हिरवं आहे. हिरवं असेल तर ढीग कालच शेजाऱ्याकडून आणून रचला आहे.

साकोलीकडच्या एका घरी गोठ्यात बैलांची फार देखणी जोडी होती. मुलाचा बाप पुन्हा पुन्हा तिच्याकडे वळत होता. कवडूजींनी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, कौतुक केलं, आणि बोलता बोलता दोन्ही दावी सोडून दिली. बैल शांतपणे अंगणातून बाहेर पडले, गल्ली ओलांडून समोरच्या घरी गेले आणि तिथल्या गव्हाणीशी उभे राहिले. कवडूजींनी टोपी नीट केली. "चला पाहुणे," ते म्हणाले, "बैल आपल्या घरी गेले. आता आमी बी जातो."

स्थळ पसंत पडलं तर ते फक्त एवढंच म्हणत, "घर बरं हाय." त्यावर साखरपुडा ठरायचा. आणि इथे त्यांचा एक नेम होता, जो दुसऱ्या कुणी पारख्याचा मी ऐकला नाही. ज्या घराला त्यांनी बरं म्हटलं, त्या घरी ते दर वर्षी एकदा न सांगता जायचे आणि त्या मुलीच्या हातचं जेवून यायचे. जेवताना तिच्या मनगटाकडे, डोळ्यांकडे बघायचे. एका घरी मुलगी वाढायला आलीच नाही, सासूने ती आजारी असल्याचं सांगितलं. कवडूजी म्हणाले, "मंग बरी होयपर्यंत बसतो." ओसरीवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मुलगी त्यांच्यासोबत माहेरी निघाली, आणि नंतर समजूत पटून परतली. तिचा बाप पाया पडू लागला तर ते चिडले. "हो मी म्हनलं होतं ना. मंग जाईन कोन?"

असा हा माणूस. त्याच्याकडे कंपनी चालून आली.

आमचे क्वार्टर कारखान्याचे. नोकरी संपली की त्याच आठवड्यात किल्ली परत करायची. गावाकडची शेती भावांनी वाटून घेतलेली. तिकडे सणाला गेलेल्या माणसाला मान मिळायचा, पण राहायला आलेल्याला जागा नसायची. ज्यांनी या देशाचं पोलाद उभं केलं त्यांना म्हातारपणी डोकं कुठे टेकायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. कवडूजींच्या टोळीत ही गोष्ट रोज जेवणाच्या सुट्टीत निघायची.

ही भीती ओळखूनच ती कंपनी आली. तिचं नाव मी लिहीत नाही, कारण नाव पुसलं गेलं आहे आणि माणसं मोकळी आहेत. उद्या ती दुसरी पाटी लावतील. कंपनीचं म्हणणं असं होतं: दुर्गच्या पलीकडे बोरसीच्या वाटेवर वसाहत बांधणार. कामगारांनी शेअर घ्यावे. शेअर घेणाऱ्याला वर्षाला नफ्याचा वाटा मिळेल आणि पुढे प्लॉट पाडले की पहिला हक्क त्याचा. चौबेजी नावाचा एजंट रविवारी कॅम्पात यायचा. गोड माणूस, प्रत्येक घरचं पाणी प्यायचा, प्रत्येक मुलाचं नाव लक्षात ठेवायचा.

लोक कवडूजींकडे गेले. "आमाले कंपनीतलं काही समजत नाही," टोळीतला नामदेव म्हणाला. "तुमी एकडाव पाहून या. तुमी हो म्हना, आमी पैसे भरतो."

मी तेव्हा कॅम्पात राहायला आलो नव्हतो. त्या रविवारची हकीकत पुढे मला कवडूजींनीच सांगितली, आणि त्यांनी त्यात स्वतःला कुठेही वाचवलं नाही.

धोतर, कोट, टोपी घालून ते चौघांसोबत सायकलींवर बोरसीकडे गेले. चौबेजी वाट बघत होता. जमिनीवर चुन्याच्या रेघा होत्या, खुंट्या ठोकलेल्या होत्या, एका कडेला विटांचा मोठा ढीग होता. कवडूजींनी माती मुठीत घेऊन दाबली. काळी, चिकट, भाताला उत्तम. विहिरीत डोकावले. मग विटांच्या ढिगाशी बसले, बुडातली एक वीट ओढून काढली आणि खाली पाहिलं. गवत मेलेलं, पांढरं पडलेलं होतं. म्हणजे विटा इथल्याच, आजच्या दिवसापुरत्या कुणाकडून आणलेल्या नाहीत.

तेवढ्यात आखूड पंचा नेसलेला एक म्हातारा पितळी लोट्यात पाणी घेऊन आला. छत्तीसगढी माणूस. कवडूजी पाणी प्यायले आणि त्यांनी त्याला विचारलं की जेठ महिन्यात विहिरीला पाणी राहतं का. म्हातारा म्हणाला, "रहिथे." नाल्याचं पाणी वर चढतं का? "नइ चढ़य." कवडूजींनी त्याला आणखी बरंच विचारलं. शेत कोणाचं, एवढं विचारलं नाही.

का विचारलं नाही, हे शहरातल्या वाचकाला समजणार नाही म्हणून सांगतो. भंडाऱ्याच्या खेड्यात घर पाहायला गेलेला माणूस "हे शेत कोणाचं" असं विचारत नाही. तो यजमानाचा अपमान असतो. आणि विचारायची गरजही नसते, कारण मालकी साऱ्या गावाला माहीत असते. तणस उसनं आणता येतं, बैल उसने आणता येतात, शेत आणता येत नाही. कोणी खोटं बोललाच तर गावची म्हातारी माणसं तिथल्या तिथे हसतील. कवडूजींची सगळी पारख त्या हसणाऱ्या गावावर उभी होती. भिलाईत कारखाना होता, कॅम्प होते, पंजाबी, बंगाली, आंध्राची माणसं होती. कोणतं शेत कोणाचं, हे माहीत असलेलं गाव मात्र आमच्यासाठी तिथे नव्हतं.

निघताना त्यांनी चौबेजीला एक प्रश्न विचारला, जो ते प्रत्येक घरी विचारत. "कंपनीचे भाऊ किती?"

चौबेजी गोंधळला. मग समजून हसला. "मालिक चार हैं दादा. तीन सगे भाई और एक साला."

"वेगळे राहते का एकत्र?"

"सब एक ही घर में."

कवडूजींना बरं वाटलं. एकत्र कुटुंब, वाटणीचं भांडण नाही. आज मी तुम्हाला सांगतो, की हेच ऐकून त्यांनी सायकल वळवून पळायला हवं होतं. ज्या कंपनीचे सगळे मालक एका चुलीवर जेवतात, तिथे एकाने चोरी केली तर दुसरा ओरडत नाही. बाहेरचा एकही माणूस आत नसेल तर हिशेब बघायला डोळाच उरत नाही. पण मुलीसाठी जे चांगलं, ते पैशासाठी वाईट, हे त्यांना कोणी शिकवलं होतं? आपल्या पुढाऱ्यांनी? शाळांनी? मुंबईची वर्तमानपत्रं शेअरवर रोज पानं भरतात. ती कोणासाठी लिहितात?

संध्याकाळी नळावर माणसं जमली. कवडूजी म्हणाले, "घर बरं हाय."

त्यांची बायको पार्वताबाई हंडा भरत होती. तिला नवऱ्याची सवय माहीत होती. "कंपनीले सासू कोन हाय, ते पाह्यलं का?" तिने विचारलं.

"सासू नाही. चौघं हायेत, एकत्र."

"मंग उद्या काही झालं तर भांडू कोनाशी आमी?"

सगळे हसले. कवडूजीही हसले. आणि पुढच्या पगाराला लोकांनी शेअर घेतले. नामदेवने मुलीच्या लग्नाचे पैसे घातले. कवडूजींनी सगळ्यांचं झाल्यावर आपले भरले.

वर्ष सरलं आणि नफ्याचा वाटा घरपोच आला. चौबेजीने पेढे वाटले. ज्यांनी घेतले नव्हते तेही धावले. एकही घर बांधलं नव्हतं, एकही प्लॉट विकला नव्हता. मग नफा कशाचा? वाचकहो, इथे थांबून विचार करा, कारण हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. नव्या माणसाने भरलेल्या पैशातून जुन्या माणसाला वाटा दिला गेला, आणि तो पेढ्यासोबत खाल्ला गेला.

त्यानंतर चौबेजी यायचा थांबला. दुर्गच्या कचेरीला कुलूप लागलं. लोक त्या कुलपाशी जाऊन ओरडून आले. कवडूजी तिकडे गेले नाहीत. ते धुतलेलं धोतर नेसून एकटे बोरसीला गेले, ज्या घराला बरं म्हटलं त्या घरी वर्षातून एकदा जायचं म्हणून.

शेतात नांगर चालू होता. खुंट्या उपटून बांधावर टाकल्या होत्या. नांगरामागे तोच म्हातारा होता ज्याने पाणी दिलं होतं. त्याने कवडूजींना ओळखलं, बैल थांबवले.

"ये खेत काकर आय?" कवडूजींनी शेवटी विचारलं. हे शेत कोणाचं?

"मोर आय, बाबू," म्हातारा म्हणाला. "अऊ काकर होही?" माझंच, आणखी कोणाचं असणार?

कंपनीवाल्यांनी त्याला थोडा बयाना दिला होता. बाकीचे पैसे देतो म्हणाले आणि परतलेच नाहीत. विटा त्याच्याच, घर बांधायला म्हणून त्याने केव्हाच्या आणून ठेवल्या होत्या. "तैं पूछे नइ रेहे," तो म्हणाला. तू विचारलं नव्हतंस. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याने पुन्हा पाणी आणलं. कवडूजींनी ते घेतलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या दारचं पाणी नाकारलं, असं ते मला म्हणाले.

मी कॅम्पात आलो तो या सुमारास. कंपनीचा छापील अहवाल त्यांनी माझ्याकडून वाचून घेतला. त्यात लपवलेलं काही नव्हतं. जमिनीच्या रकान्यात इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं की जमीन घेतलेली नाही, घेण्यासाठी आगाऊ रक्कम दिली आहे. मालकांच्याच दुसऱ्या पेढीचं मोठं कर्ज कंपनीवर होतं, तेही लिहिलं होतं. कायदा पाळला गेला होता. ज्यांचा पैसा होता त्यांच्या भाषेत तेवढं लिहिलं नव्हतं. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेलो, आणि ते प्रत्येक ओळीला "हं" म्हणत गेले.

मग ते दारोदार फिरले. ज्यांनी ज्यांनी त्यांच्या शब्दावर पैसे भरले त्या प्रत्येक घरी. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून म्हणायचे, "हो मी म्हनलं होतं." बस, एवढंच. शिव्या पडतील म्हणून वाट बघायचे. शिव्या पडल्या असत्या तर बरं झालं असतं. लोक म्हणायचे, "जाऊ द्या कवडूजी, तुमी तरी काय करान," आणि दार हळू लावून घ्यायचे. नामदेवने चहा विचारला. त्याची बायको आत रडत होती, ते बाहेर ऐकू येत होतं.

कंपनी मोडीत काढायला नेमलेल्या माणसाची कचेरी काही दिवस दुर्गात बसली. मी कवडूजींसोबत गेलो. टेबलाशी एक तरुण कारकून होता, सभ्य, थकलेला. त्याने समजावलं: जे काही उरलं आहे त्यातून आधी सरकारचं देणं, नोकरांचे पगार, मग कर्ज देणारे, मग उरलंच तर शेअरवाले.

"आमी आखरीले कावून?" कवडूजींनी विचारलं. मी हिंदीत सांगितलं.

"क्योंकि आप लोग मालिक हैं," कारकून म्हणाला. "शेयर लिया मतलब कंपनी के मालिक. मालिक का नंबर आख़िर में आता है."

कवडूजी मला म्हणाले, "बरोबर हाय. लग्नात बी घरचे आखरीच्या पंगतीले बसते." उठता उठता त्यांनी टेबलाला हात लावला, ते हलतंय का बघितलं. "पन आमी घरचे कवा झालतो, हे त्याले विचार. घरात तर आमाले कोनी घेतलंच नाही."

मी विचारलं नाही. शेअर म्हणजे काय, हे मला त्या दिवसाआधी इतक्या थोडक्यात कोणी सांगितलं नव्हतं. ज्या घरात शिरकाव नाही, ज्याची चूल दिसत नाही, ज्याच्या तिजोरीला हात लागत नाही, त्या घराचा मालक म्हणून नाव लागतं, आणि ते नाव उपयोगी पडतं ते फक्त उपाशी राहण्याच्या वेळी. शेवटच्या पंगतीला काही उरलं नाही. कोणालाही काही मिळालं नाही. चौघा मालकांपैकी एकाचंही घर विकलं गेलं नाही.

त्यानंतर कॅम्पात लग्नं झाली, पण कवडूजींना कोणी बोलावलं नाही. राग होता असं नाही. लोकांना त्यांच्याकडे जायला अवघड वाटायचं. नामदेवच्या मुलीचं घर घाईत ठरलं, हुंड्याशिवाय घेणारं जे मिळालं ते. बघायला कोणी गेलंच नाही. पुढे ती मुलगी कशी आहे, हे मी इथे लिहिणार नाही. कवडूजी तिच्याकडेही एकदा जाऊन आले, हक्क नसताना. परतल्यावर दोन दिवस कामावर गेले नाहीत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्याच धाकट्या मुलीसाठी, शांतासाठी, स्थळ आलं तेव्हा. तेव्हा त्यांना भिलाईतच रुआबांध्यात क्वार्टर मिळालं होतं. सकाळी चौघं सायकली घेऊन दारात आले. कवडूजी धोतर, कोट, टोपी घालून तयार होते. लोकांना वाटलं, चला, निघाले. एकाने त्यांची सायकलही पुढे केली.

"तुमीच या पाहून," ते म्हणाले.

"असं कसं, कवडूजी? पोरगी तुमची."

"म्हनूनच."

पार्वताबाई आतून म्हणाली, "जा ना हो. मी सांगून राहिली, जा." ते हलले नाहीत. चौघं थोडा वेळ घुटमळले आणि निघाले. सायकली वळणाआड गेल्या तरी ते दारातच उभे होते, कोटाची सगळी बटणं लावून. शांता मागे येऊन उभी राहिली आणि बापाच्या कोटाची बाही तिने धरली. त्यांनी मागे पाहिलं नाही. मी त्यांना हाक मारणार होतो, पण तसाच निघून आलो. पुढे त्यांची बदली झाली आणि ते घर सुटलं.

आता भिलाईतच सुपेल्याच्या बाजूला नवी कंपनी आली आहे. नव्या खुंट्या, नवा चुना. तिचा एजंट दर रविवारी येतो, गोड बोलतो. ती खोटीच आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. लोक शेअर घेत आहेत आणि घेत राहतील, कारण क्वार्टरची किल्ली परत द्यावीच लागते. हा लेख वाचून कोणी थांबेल अशी मला फारशी आशा नाही.

तरी एक विनंती करतो. या रविवारी एजंट तुमच्या दाराशी आला की शेजाऱ्यांना बाहेर बोलवा आणि सगळ्यांसमक्ष मोठ्याने विचारा, जमीन कोणाच्या नावावर आहे, कागद दाखव, आणि तो आमच्या भाषेत वाच. हे विचारणं आपल्या रीतीत बसत नाही, विचारताना जीभ अडखळेल. त्याला पाणी देण्याआधी विचारा.